नेव्हल एनसीसीच्या आठवी-नववीतल्या मुलांसाठी शाळेच्या कपाटात काय साहित्य असावं?

वल्हेकरी
नेव्हल विंगच्या ज्युनिअर डिव्हिजनच्या मुलांसाठी शाळेत एक कपाट मिळालं आहे. त्यात काय ठेवावं, याची यादी करायची आहे. मुलं मराठी माध्यमाची. परेड आठवड्यातून एकदा, आणि पाणी दिसणार ते शिबिरात. बाकी सगळं शिक्षण मैदानावर नि वर्गात.
अडचण साहित्य कमी असण्याची नाही, फार असण्याची आहे. व्हॉट्सअॅपवर रोज नवी पीडीएफ येते, मुलं ती फोनमध्ये साठवतात आणि उघडत नाहीत. माझं मत असं की नौदलाचे निम्मे विषय हाताचे आहेत: गाठी, सेमाफोर (दोन झेंड्यांनी अक्षरं दाखवून संदेश देणं), वल्ही, मॉडेल. ते वाचून येत नाहीत. तर जाणकारांनी सांगावं:
१. पाण्याविना काय काय आणि कसं शिकवता येतं?
२. छापील आणि फोनवरचं कोणतं साहित्य भरवशाचं?
३. इंग्रजी शब्दांचं काय करायचं?

डोलकाठी
सुरुवात दोरापासून करा, पुस्तकापासून नको. दर मुलामागे ८ मिलिमीटर जाडीचा २ मीटर दोर. सुती किंवा मनिला घ्या. बाजारात मिळणारा निळा-हिरवा प्लॅस्टिकचा दोर घेऊ नका, तो गुळगुळीत असतो, बरोबर बांधलेली गाठही सरकते आणि मुलाला वाटतं आपलंच चुकलं. शिवाय १२ मिलिमीटरचे चार-पाच तुकडे ठेवा, शीट बेंडसाठी. ती गाठ असमान जाडीचे दोर जोडायची आहे, सारख्याच दोरांवर शिकवली तर तिचं कारणच कळत नाही. जाड दोराचा नेहमी फासा करायचा, बारीक दोर त्यातून फिरवायचा, आणि दोन्ही मोकळी टोकं शेवटी एकाच बाजूला आली पाहिजेत.

चुका ठरलेल्या आहेत:
रीफ नॉटची ग्रॅनी, म्हणजे चुकीची, सरकणारी गाठ होते. "उजवं डाव्यावर, मग डावं उजव्यावर" हे तोंडाने म्हणत बांधायला लावा. तपासायला सोपं: रीफमध्ये प्रत्येक टोक आपल्याच दोराला चिकटून समांतर बाहेर येतं, ग्रॅनीत ते आडवं फाकतं. आणि रीफ नॉट ही शिडाची घडी बांधायची गाठ आहे, भार ओढणारे दोन दोर जोडायची नव्हे, हेही त्याच दिवशी सांगा.
बोलाइनमध्ये (दोराच्या टोकाला पक्का फासा करायची गाठ) शेपूट आखूड सोडतात. ८ मिलिमीटरच्या दोराला निदान १० सेंटिमीटर शेपूट हवंच. बोलाइनचं मोल मुलांना एका वाक्यात पटतं: ही सुरगाठीसारखी आवळत नाही आणि निरगाठीसारखी अडकून बसत नाही. कमरेभोवती बांधून दाखवा, मग डोळे मिटून.
क्लोव्ह हिच ही खांबाला दोर बांधायची गाठ, पण खांब फिरला की सैल पडते. म्हणून होडी बांधून ठेवायला राउंड टर्न आणि दोन हाफ हिच.

कोकणचा_वारा
वाचनखूण साठवली. सेमाफोरवर कुणीतरी सविस्तर लिहा.

दोन_झेंडे
लिहितो. सेमाफोर २६ वेगवेगळी चित्रं म्हणून पाठ करायला दिलं की दोन महिने जातात. ते वर्तुळांनी शिकवायचं. हाताच्या आठ दिशा, प्रत्येकीत ४५ अंशांचं अंतर. खाली सरळ ही विश्रांतीची दिशा, उरल्या सात. त्याच ए ते जी.

पहिलं वर्तुळ, एकच हात: ए, बी, सी उजव्या हाताने खालून वर, डी सरळ डोक्यावर, ई, एफ, जी डाव्या हाताने वरून खाली.
दुसरं वर्तुळ: एक हात ए वर स्थिर, दुसरा बी पासून जी पर्यंत फिरतो. येतात एच, आय, के, एल, एम, एन. जे इथे नाही, तिथेच सगळे फसतात.
तिसरं: एक हात बी वर. ओ, पी, क्यू, आर, एस.
चौथं: एक हात सी वर. टी, यू, वाय आणि चूक रद्द करायची खूण.
पाचवं: एक हात डी वर. आकड्यांची खूण, जे, व्ही.
सहावं: एक हात ई वर. डब्ल्यू, एक्स.
शेवटी एफ आणि जी मिळून झेड.

आकडे वेगळे शिकायचे नाहीत. आकड्यांची खूण दिली की ए म्हणजे १, बी म्हणजे २, असं आय म्हणजे ९ पर्यंत, आणि के म्हणजे ०. पुन्हा अक्षरांवर यायचं तर जे.

आता खरी मेख. देणारा आणि वाचणारा समोरासमोर असतात. मुलं आरशात पाहून सराव करतात, नाहीतर शिकवणाऱ्याच्या मागे उभी राहतात, आणि वाचताना सगळं उलटं दिसतं. त्यांचं "ए" म्हणून वाचलेलं असतं ते "जी". आरशाच्या जोड्या भिंतीवर लावून ठेवा: ए-जी, बी-एफ, सी-ई, एच-झेड, आय-एक्स, जे-पी, के-व्ही, एम-एस, ओ-डब्ल्यू, क्यू-वाय. उलट्याने बदलत नाहीत ती चारच, दोन्ही बाजू सारख्या असलेली किंवा सरळ वर: डी, एन, आर, यू. एल उलटा वाचला तर रद्दची खूण, टी उलटा वाचला तर आकड्यांची. वाचताना मुलगा अडखळला की आधी ही यादी बघायची, निम्म्या चुका इथेच सापडतात.

झेंडे १८ इंच चौकोनी, कर्णरेषेवर लाल-पिवळे. शाळेच्या शिवणवर्गात होतात. काठी धरताना तर्जनी काठीवर लांब ठेवायची, म्हणजे हात आणि काठी एका रेषेत राहतात. मनगट पडलं की सी चा बी दिसतो.

निळी_टोपी
दोन_झेंडे, जोड्यांची कल्पना फार कामाची आहे. पण आठवीच्या मुलाला सुरुवातीलाच उलट्या जोड्या दाखवल्या तर गोंधळ वाढणार नाही का? आधी देणं पक्कं व्हावं, मग वाचन.

दोन_झेंडे
इथे माझं मत वेगळं आहे. देणं आणि वाचणं पहिल्या वर्तुळापासून एकत्र घ्यावं. सात अक्षरं झाली की लगेच समोरासमोर जोड्या उभ्या करा, मग पुढचं वर्तुळ. वाचणाऱ्याने नजर झेंड्यावरून काढायची नाही: तो मोठ्याने अक्षर म्हणतो, शेजारचा वहीत लिहितो. खाली बघून लिहायला गेला की पुढची दोन अक्षरं गेली. तुमची भीती खरी आहे ती फक्त एच, आय, ओ, डब्ल्यू, एक्स, झेड या सहांबाबत, कारण त्यांत एक हात अंगावरून पलीकडे जातो. तिथे कमरेतून किंचित वळू द्यायचं, पाय हलवायचे नाहीत.

खाडीपलीकडे
बोया आणि दिव्यांसाठी पुठ्ठा, जिलेटिन पेपर आणि चार बॅटऱ्या पुरतात.

दिवे: कोनमापकाने पुठ्ठ्याची वर्तुळं कापा. डोलकाठीवरचा पांढरा दिवा २२५ अंश, बाजूचे लाल आणि हिरवा प्रत्येकी ११२.५, मागचा पांढरा १३५. बाजूचे दोन मिळून २२५, त्यात मागचे १३५ मिळवले की पूर्ण ३६०. मुलांना स्वतः बेरीज करू द्या, मग आकडे विसरत नाहीत. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा.
मग वर्ग अंधारा करा आणि एका मुलाला तिन्ही बाजूंनी कागद लावून "जहाज" करा. लाल-हिरवा दोन्ही दिसले तर समोरासमोर, दोघांनीही उजवीकडे वळायचं. नुसता मागचा पांढरा दिसला तर आपण त्याला मागून गाठतोय, बाजूला राहायची जबाबदारी आपली. आपल्या उजव्या हाताला दुसऱ्याचा लाल दिसला तर वाट आपण द्यायची. लाल दिसला, थांबा-वळा. हे टक्कर टाळण्याचे १९७२ चे नियम आहेत आणि ते मारुतीच्या शेपटीएवढे लांब आहेत, ज्युनिअरला एवढे तीन प्रसंग पक्के झाले तरी पुरे.

बोया, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा: त्यांचे नियम आयाला ही आंतरराष्ट्रीय संस्था ठरवते, आणि आपल्याकडे तिचा ए विभाग. बंदरात शिरताना डावीकडे लाल डबा, उजवीकडे हिरवा शंकू. अमेरिका खंड, जपान, कोरिया, फिलिपीन्स इथे बी विभाग, तिथे रंग उलटे. इंटरनेटवरचे बरेच व्हिडिओ अमेरिकी असतात आणि त्यात "परतताना लाल उजवीकडे" असं सांगतात. मुलं तेच पाठ करून येतात. व्हिडिओ दाखवण्याआधी तो कुठल्या विभागाचा हे बघा.

पाऊणपट
खाडीपलीकडे, चार दिशांच्या बोयांचं राहिलं. डोक्यावर दोन काळे शंकू. उत्तर: दोन्ही वर. दक्षिण: दोन्ही खाली. पूर्व: बुडाला बूड, म्हणजे शंकरपाळी. पश्चिम: टोकाला टोक, म्हणजे डमरू. शंकूंची टोकं जिकडे, तिकडे बोयाचा काळा रंग: उत्तरेला काळा वर, दक्षिणेला खाली, पूर्वेला वर आणि खाली दोन्हीकडे, पश्चिमेला मध्ये. उरलेलं पिवळं. रात्रीचे लुकलुक घड्याळाप्रमाणे: पूर्व ३, दक्षिण ६ आणि एक लांब, पश्चिम ९, उत्तर सतत. उत्तरेचा बोया दिसला की त्याच्या उत्तरेने जायचं, धोका दक्षिणेला आहे.

निळी_टोपी
शंकरपाळी आणि डमरू! हे आता कुणी विसरणार नाही.

शाळेतली_घंटा
तिसऱ्या प्रश्नाबद्दल, म्हणजे भाषेबद्दल. एनसीसीत ड्रिलचे हुकूम हिंदीत, होडीवरचे हुकूम इंग्रजीत, आणि मूल विचार करतं मराठीत. यातलं काहीच बदलायचं नाही, फक्त तिन्ही एका वहीत आणायचं. तीन रकाने: हुकूम जसा ऐकू येतो तसा देवनागरीत, मराठीत अर्थ, आणि हाताने काय करायचं. तिसरा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. "होल्ड वॉटर": पातं उभं पाण्यात रोवून धर, ओढू नको. "गिव्ह वे टुगेदर": सगळ्यांनी एका ठोक्यात ओढायला लागा. "बॅक टुगेदर": उलटं ढकला.

दर्यावर्दी
शाळेतली_घंटा, यात थोडी भर. मराठीत हे शब्द आहेत आणि कोकणातल्या कितीतरी मुलांना ते घरून येतात: शीड, डोलकाठी, सुकाणू, वल्हं, नांगर, नाळ म्हणजे पुढचं टोक, पठाण म्हणजे खालचा कणा (इंग्रजीत कील), तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. कॉक्सवेन म्हणजे तांडेल असं सांगितलं की वेगळं समजवावं लागत नाही. परीक्षेत इंग्रजी नाव लिहायचं, पण ते घरच्या शब्दाला बांधून. बंदरावरच्या मुलाला "कील" ही परकी गोष्ट वाटू देणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

शाळेतली_घंटा
मान्य. पण विदर्भ-मराठवाड्यातल्या मुलाला नाळ आणि पठाण हेही तितकेच नवे. त्याच्यावर दोन अनोळखी शब्द लादण्यात अर्थ नाही. जिथे घरी शब्द आहे तिथे जोडा, जिथे नाही तिथे चित्र आणि इंग्रजी नाव.

दर्यावर्दी
हे पटलं.

पाऊणपट
आयडी बघून कुणीतरी विचारणारच, तर भरतीचं सांगून टाकतो. कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला तीन. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास दुपारी-रात्री बाराला. त्याच दिवसांत उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी. कालनिर्णय प्रत्येक घरात असतं, मुलांना रोज हिशेब करून छापील भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून बघायला सांगा. प्रत्यक्ष होडी काढायची असेल तेव्हा मात्र तक्ताच बघायचा.
पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. बारा भाग करा: पहिल्या तासाला १, मग २, ३, ३, २, १. ४ मीटरचा फरक असेल तर तिसऱ्या आणि चौथ्या तासाला प्रत्येकी १ मीटर. ओढ तेव्हाच सर्वांत जास्त असते, नवख्या मुलांना त्या दोन तासांत वल्ह्यावर बसवू नये.

कोकणचा_वारा
हे पंचांगाच्या धाग्यावरही टाका, लोकांना आवडेल.

खाडीपलीकडे
अवांतरावरून परत: चार्टसाठी, म्हणजे समुद्राच्या नकाशासाठी, एक सराव. एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर, म्हणजेच अक्षांशाचं एक मिनिट. मुंबई बंदर सुमारे १८ अंश ५५ मिनिटं, रत्नागिरी सुमारे १७ अंश. फरक १ अंश ५५ मिनिटं, म्हणजे ११५ मिनिटं, म्हणजे ११५ सागरी मैल दक्षिणेला. नेहमीची चूक: कंपासचं अंतर वरच्या-खालच्या रेखांशाच्या पट्टीवर मोजतात. अंतर बाजूच्या अक्षांशाच्या पट्टीवरच मोजायचं, आणि तेही आपण जिथे आहोत त्याच उंचीवर.

जुना_छापा
दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलं नाही. छापील गाइडं घेताना छपाईचं साल बघा आणि लगेच तीन पानं उघडा.
नौदलाचा ध्वज: लाल क्रॉस असलेलं चित्र असेल तर पुस्तक जुनं. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत विक्रांत हे नवं विमानवाहू जहाज नौदलात आलं तेव्हा ध्वज बदलला, आता निळ्या अष्टकोनात नांगर आणि राजचिन्ह आहे, अष्टकोन शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला.
विमानवाहू जहाजं: विराट सेवेत दाखवली असेल तर तेही जुनं, ती २०१७ मध्ये निवृत्त झाली.
कमांडची यादी: पश्चिम मुंबई, पूर्व विशाखापट्टणम, दक्षिण कोची, आणि अंदमान-निकोबार ही तिन्ही दलांची मिळून. दक्षिण कमांड ही प्रशिक्षणाची, हे हमखास विचारतात.
इतिहासाचा भाग मात्र जुन्यातलाही चालतो. ४ डिसेंबर हा नौदल दिन, कारण १९७१ ला त्या रात्री कराचीवर निर्घात, निपात आणि वीर या मिसाइल बोटींनी हल्ला केला. त्याला जोडून ९ डिसेंबरला बुडालेली आपली युद्धनौका खुकरी आणि तिच्यासोबत गेलेले कॅप्टन मुल्ला शिकवा, नुसत्या विजयाचाच इतिहास शिकवू नका.
फोनवर एकच ठेवायचं तर डीजी एनसीसीचं, म्हणजे एनसीसीच्या मुख्यालयाचं, स्वतःचं ट्रेनिंग अॅप, २०२० पासून आहे. अभ्यासक्रम तिथून घ्या, गाइडातून नाही.

निळी_टोपी
व्हिडिओंना सरसकट नको म्हणू नये. गाठी आणि सेमाफोर संथ गतीत बघायला व्हिडिओसारखं साधन नाही. अट एकच, हातात दोर आणि झेंडा घेऊन बघायचा.

तांडेलदादा
होडी नसताना वल्हं शिकवता येतं. बाकं एकामागे एक पाच. २७ फुटी व्हेलरला पाच वल्ही असतात, एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन, आणि मागे कॉक्सवेन. हातात बांबू.
सगळ्यात आधी दिशा. वल्हवणारा मागे तोंड करून बसतो, म्हणून होडीची डावी बाजू, पोर्ट, त्याच्या उजव्या हाताला येते. हुकूम होडीच्या बाजूचा असतो, माणसाच्या हाताचा नाही. पोर्टच्या बाकांना लाल कापड आणि स्टारबोर्डला, म्हणजे होडीच्या उजव्या बाजूला, हिरवं बांधा. उजवीकडे वळायचं तर स्टारबोर्डने होल्ड वॉटर, पोर्टने ओढायचं. हे पाच मिनिटं बाकांवर केलं की पाण्यात आरडाओरड होत नाही.
दुसरं, "खेकडा". पातं तिरपं असताना पाण्यात घातलं की ते खाली खेचलं जातं आणि वल्ह्याचं टोक छातीत बसतं. उपाय: पातं पाण्याला टेकण्याआधी उभं झालेलं हवं, आणि ते जेमतेम बुडेल इतकंच खोल. जोर हातांचा नाही, पायांचा आणि पाठीचा, हात शेवटी.
आणि खऱ्या होडीत चढण्याआधी लाइफ जॅकेटच्या पट्ट्या शिकवणाऱ्याने स्वतः ओढून बघायच्या, तळाचं बूच बसलंय का तेही.

थर्माकोल_नको
शिप मॉडेलिंगवर थोडं. नौसैनिक शिबिराच्या स्पर्धांत तो स्वतंत्र प्रकार आहे. मुलं सरळ विक्रांत करायला घेतात. विक्रांत २६२ मीटर, म्हणजे १:१०० ला अडीच मीटरहून लांब, वर्गाच्या दारातून जात नाही. वीर वर्गाची मिसाइल बोट ५६ मीटर, १:१०० ला ५६ सेंटिमीटर. तिथून सुरुवात.
सांगाडा थर्माकोलचा केला आणि वर स्प्रेचा रंग मारला तर थर्माकोल विरघळतो, आदल्या रात्री हमखास. हलक्या लाकडाचे थर एकावर एक चिकटवून घासा, आधी १२० नंबरचा कागद, मग ४००. साधा पांढरा गोंद पाण्यात सुटतो, तरंगणाऱ्या मॉडेलला अॅराल्डाइट. बॅटरी आणि वजन तळाशी, नाहीतर बादलीत सोडताच कलंडतं. मागच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) दांड्याच्या नळीत ग्रीस भरायचं, पाणी तिथूनच शिरतं.

वल्हेकरी
सगळ्यांचे मनापासून आभार. यादी अशी झाली: ८ आणि १२ मिलिमीटरचे दोर, सेमाफोरचे झेंडे आणि आरशाच्या जोड्यांचा तक्ता, पुठ्ठ्याचे दिवे, बोयांची चित्रं, पाच बांबू, लाल-हिरवी कापडं, भरती-ओहोटीचा छापील तक्ता, तीन रकान्यांच्या वह्या, एक मॉडेल. पुस्तक एकच, नव्या छपाईचं.
एक राहिलं. दोरांची टोकं दोन महिन्यांत सुटून पिसारा होतो. जाळून चालेल?

डोलकाठी
नायलॉन असतं तर जाळून चाललं असतं. सुती आणि मनिला वितळत नाही, नुसतं काळं पडतं. त्याला व्हिपिंग. मेण लावलेला जाड दोरा घ्या, टोकाजवळ फासा करून दोराच्या लांबीवर ठेवा, त्यावर घट्ट वेटोळे मारत टोकाकडे या. दोराची जाडी ८ मिलिमीटर तर वेटोळ्यांची पट्टी ८ ते १२. शेवटचं टोक फाशातून घालून दुसऱ्या बाजूचा दोरा ओढायचा, फासा वेटोळ्यांच्या मधोमध गेला की थांबायचं. पूर्ण बाहेर ओढला तर सगळं सुटतं. पहिल्या परेडला प्रत्येकाने आपल्याच दोराची दोन टोकं बांधायची आणि त्याच दोराला आपल्या नावाची चिठ्ठी लावायची.

वल्हेकरी
शनिवारी पहिली परेड आहे. त्याच दिवशी करून घेतो.